नोकरी सोडू का?

प्रश्न : वय २६, पुण्यात आयटीत नोकरी. पगार चांगला आहे, पण मन लागत नाही. समाजासाठी काही करावंसं वाटतं. मित्रांना सांगितलं, तर ते ‘खूळ’ म्हणतात. राजीनामा देऊ का?

उत्तर : हे खूळ नाही. पण राजीनामा इतक्यात नको. घरचे हप्ते, आईवडिलांची जबाबदारी यांचा हिशेब आधी मांडा.

तुम्हाला खरी उणीव सोबतीची आहे, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. ज्यांना हाच प्रश्न पडला आहे, अशा माणसांत जा. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी २००६ साली गडचिरोलीत ‘निर्माण’ हा उपक्रम तरुणांसाठी सुरू केला. तिथल्या त्यांच्या ‘शोधग्राम’ या परिसरात होणाऱ्या शिबिरांत डॉक्टर, इंजिनिअर, कलाशाखेची मुलं एकत्र बसून ‘मी कुठला प्रश्न हाती घेऊ?’ यावर बोलतात. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी प्रश्न, मग करिअर. तिथले सोबती नुसती पाठ थोपटत नाहीत, उलटतपासणीही घेतात. तुम्हाला दोन्ही हवं आहे. शिबिराचा अर्ज मात्र मनापासून भरा.

त्या शिबिरापर्यंत थांबवत नसेल, तर बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी आहे. ती मे महिन्यात भरते. सकाळी श्रमदान, नंतर चर्चा. रजा टाकून जाता येईल.

दरम्यान, दर शनिवारी जवळच्या एखाद्या संस्थेत जा आणि सांगतील ते काम करा, सतरंज्या उचलायचं असलं तरी. सहा महिन्यांनंतरही ओढ टिकली, तर मला पुन्हा लिहा. राजीनाम्याचं तेव्हा बोलू.