लेकरू शाळेत घालण्याआधी

पोरी, थोरलीचं नाव पहिलीत घालायचं म्हणतेस तर नवं दप्तर घेण्याआधी एक काम कर. कुणाला न सांगता मधल्या सुट्टीत शाळेत चक्कर मार. भिंतीवरची चित्रं नंतर पाहा. आधी पाण्याच्या टाकीपाशी जा आणि ओंजळभर पाणी स्वतः पी.

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर हा आपला खारपाणपट्टा. जमीन काळी कसदार, पण बोअरचं आणि हापशीचं पाणी खारट. वान धरणाचं पाणी अकोट-तेल्हाऱ्याच्या खेड्यांत आलं, तरी नळाला खंड पडला की शाळेत पुन्हा हापशीच. आणि सहा वर्षांचं पोट्टं ‘पाणी खारं लागतं’ असं घरी येऊन सांगत नाही. ते पीतच नाही. म्हणून घरून बाटली दे आणि संध्याकाळी ती हातात घेऊन पाहा. भरलीच्या भरली परत आली, तर दुसऱ्या दिवशी शाळेत जा.

बाटली भरलेली येण्याचं आणखी एक कारण असतं, आणि ते कळायला मला फार उशीर झाला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई असताना तिसरीतली एक मुलगी दुपारनंतर डोकं टेकवून बसायची. मी तिला आळशी समजून रागावत होते. पुढे ताप आला, लघवीला जळजळ व्हायला लागली, तेव्हा तिच्या आईने खोदून विचारलं. एकदा शाळेच्या संडासाची कडी अडकून ती आत कोंडली गेली होती. तेव्हापासून तिकडे जावं लागू नये म्हणून तिने शाळेत पाणी पिणंच सोडलं होतं. तिला रागावल्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या दिवशी मी कडीला सुतळी बांधली आणि नंतर प्रत्येक शाळेत रुजू झाले की पहिल्या सकाळी संडासाची कडी स्वतः लावून-उघडून पाहत असे.

तूही तसंच कर. खाली बस, लेकराच्या उंचीवर ये आणि कडी लावून पाहा. हात पुरतो का, आत उजेड आहे का, पाणी कुठून आणायचं, मुलींचं वेगळं आहे का. कुलूप दिसलं तर किल्ली कुणाकडे ते विचार आणि मधल्या सुट्टीत उघडं ठेवायला सांग. बोलायला लाजू नकोस. २००९चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे. पिण्याचं पाणी आणि मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं त्यात लिहिलेलीच आहेत. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांच्या जिल्ह्यात शाळेचा संडास घाण असावा हे मला सहन होत नाही.

आता नाव घालायचं. आमच्या वेळी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की मास्तर नाव घालत आणि जन्मतारीख म्हणून १ जुलै टाकून मोकळे होत. माझं वय असंच दोन वर्षं जास्त लागलं. ती तारीख नोकरीभर चिकटली आणि मी दोन वर्षं आधी निवृत्त झाले. तेव्हा दाखल-खारीज रजिस्टरात नोंद झाली की तिथेच उभी राहून वाच. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तारीख, जात. जन्मदाखल्यावर आणि आधारवर जसं आहे तसंच अक्षर न् अक्षर. एका वेलांटीसाठी पुढे तालुक्याला खेटे घालावे लागतात. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही लक्षात ठेव.

खिचडीचं थोडक्यात सांगते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असा हिशोब आहे. महिन्यातून एकदा तरी जाऊन चव घे. शिजवणाऱ्या बाईशी गोडीने बोल, तीही कुणाची तरी आईच असते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. सभेला नवऱ्याला धाडू नकोस, तू जा.

धाकट्याला अंगणवाडीत घाल. तिथे नुसता खाऊ मिळतो असं समजू नको. अंगणवाडी हे नाव रुजवणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीतच राहत होत्या. १९७५मध्ये देशात अंगणवाड्या चालवणाऱ्या एकात्मिक बालविकास योजनेचे पहिले ३३ प्रकल्प सुरू झाले, त्यात आपल्या मेळघाटातलं धारणी होतं. वजनाच्या दिवशी लेकरू चुकवू नको. काटा शून्यावर आहे ना बघ, जाड कपडे काढ आणि कार्डावरची रेघ दाखवायला सांग. वजन कमी नसलं तरी रेघ दोन-तीन महिने आडवीच राहिली, तर सेविकाताईंना विचार आणि दवाखान्यात दाखव.

आणि एक मागणं आहे माझं. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी सुरू झाली की घराघरांत थोरल्या मुलीला धाकट्यासाठी घरी बसवतात. माझ्या हजेरीपटावर दरवर्षी त्याच दिवसांत मुलींच्या नावापुढे गैरहजेरी लागायची. पुढे त्यांना वाचता येईना, मग यायचंच बंद. तू थोरलीला एक दिवसही बसवू नको. तू सकाळीच वावरात जाशील, अंगणवाडी तर दुपारीच सुटते. सेविकाताईंना सांगून ठेव, सुटल्यावर धाकट्याला माझ्याकडे सोडतील. मी घरीच असते.