माइकपुढची बारा वर्षं

कोल्हापुरातल्या एका खासगी एफएम स्टेशनवर मी बारा वर्षं काढली. आधी जाहिराती आणायला, मग गाण्यांची यादी लावायला, शेवटी सकाळच्या कार्यक्रमाला.

१. आधी परवान्याचा हिशेब समजून घ्या. खासगी एफएमच्या पहिल्या फेरीत परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायचं, धंदा होवो न होवो. मुंबईवाल्यांचंच त्यात कंबरडं मोडत होतं. २००५ च्या धोरणानं एकदाच प्रवेश शुल्क आणि पुढे उत्पन्नातला ४ टक्के वाटा असं ठरवलं, तेव्हा कुठे आमच्यासारख्या शहरांत स्टेशनं उभी राहिली.

२. गाणं फुकट वाजत नाही. आधी रॉयल्टी वाजवलेल्या तासांवर मोजली जायची. गुजरीतला सराफ दहा सेकंदांच्या जाहिरातीला घासाघीस करायचा आणि इकडे तासांचं मीटर चालूच. ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डानं जाहिरातीच्या निव्वळ उत्पन्नाच्या २ टक्के हा दर ठरवला. त्या दिवशी आमच्या हिशेबनीस काकांनी सगळ्यांना चहा पाजला.

३. विविधभारतीचे उपकार विसरू नका. १९६७ साली मुंबई, पुणे, नागपूरवरून तिनं जाहिराती सुरू केल्या. रेडिओवर पैसे लावायची सवय दुकानदारांना तिनंच लावली.

४. ऐकणाऱ्याच्या भाषेत बोला. सुरुवातीला आम्हाला हिंदी मिसळून बोलायला शिकवलं होतं. एका सकाळी गंगावेशीतून फोन आला, "ओ दादा, मुंबईचं कशाला बोलताय? आपलं बोला की!" मागे दुधाच्या किटल्यांचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवसापासून मी 'आपलं' बोलायला लागलो आणि फोन वाढले. पुढे व्यवस्थापनानं रात्रीचे कार्यक्रम दुसऱ्या शहरातून ध्वनिमुद्रित करून आणले. खर्च वाचला हे खरं. पण त्या वेळात स्टेशनचा फोन वाजेनासा झाला, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

५. संगणकाच्या यादीवर नजर ठेवा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात हे फार जवळून कळलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण प्रशासनानं दिलेली आपत्तीची माहिती सांगायला २०११ च्या धोरणानं मुभा दिली आहे. आम्ही दर तासाला पातळी वाचत होतो. आणि यादीत मात्र पावसाची गाणी! पावसाळा म्हणून महिन्याभरापूर्वी मीच भरलेली. पातळी वाचून झाली की पुढचं गाणं भिजण्याच्या आनंदाचं. मी एकेक गाणं हातानं काढत बसलो. सगळी निघेपर्यंत पहाट झाली.

त्याच पहाटे चिखलीहून एका शेतकऱ्याचा फोन आला. दावणीच्या पाच म्हशी त्यानं सोडून दिल्या होत्या. "कुणाला दिसल्या तर बांधून ठेवा म्हणावं." खुणा विचारून घेतल्या आणि तसंच सांगितलं, दिवसभर, चार-पाच वेळा. पाणी उतरल्यावर त्याचा परत फोन आला. "चार गावल्या ओ. धाकटी न्हाई गावली." मग त्यानं तिच्या कपाळावरचा पांढरा ठिपका पुन्हा नीट सांगितला आणि मी तो पुन्हा वाचला.