मानेतली गाठ आणि लीस्ट काउंट

आमच्या दौंड-शिरूर पट्ट्यात उसाच्या पाचटाने पाय कापला, जखम चिघळली, की जांघेत अवधाण येतं. त्याला कोणी घाबरत नाही. पण तसलीच गाठ मानेत लागली, की होस्टेलवरचा पोरगा रात्री दोन वाजता थेट कॅन्सरपर्यंत पोहोचतो! माझा शिरूरचा रूम पार्टनर दिवसातून वीसदा गाठ चाचपायचा. मित्रांनो, हे मापन नव्हे. सारखं दाबल्यानेही गाठ दुखायला लागते. आणि बोटाला कुठला आलाय लीस्ट काउंट? कालच्यापेक्षा मोठी वाटली, एवढंच कळतं. डॉक्टरांना दाखवलं तर निघाली किडकी दाढ.

शरीरात अशा सहाशेच्या आसपास लसिकाग्रंथी असतात. घसा, दाढ, डोक्यातला फोड, कशानेही मानेतली ग्रंथी फुगते, आणि दुखणं गेलं तरी काही वेळा पूर्ण बसत नाही. सडपातळ पोराच्या मानेत वाटाण्याएवढी, मऊ, सरकणारी गाठ महिनोन्‌महिने हाताला लागू शकते.

मात्र गाठ वाढतच चाललीय, कडक आहे, जागची हलत नाही, गळ्याच्या हाडावर आहे, किंवा जोडीला ताप, रात्री घाम, वजन घटणं आहे, तर नेटवर वाचत बसू नका. आपल्याकडे गाठींचा टीबी, म्हणजे जुन्या लोकांची गंडमाळ, बराच आढळतो. बारीक सुईने पेशी काढून तपासतात. शिरूर असो वा दौंड, सरकारी दवाखान्यात टीबीची औषधं मोफत मिळतात. साधारण सहा महिने घ्यावी लागतात, आणि गाठ लहान झाली म्हणून मध्येच सोडायची नसतात.