चला, कट्टा भरवूया!



इंजिनिअरिंगच्या कॉलेजात टेक्निकल फेस्टिव्हल म्हणजे मोठी धामधूम. बॅनर लागतात, पाहुणे येतात, पेपर प्रेझेंटेशन होतं, सर्टिफिकेटं वाटली जातात. आणि दुसऱ्याच दिवशी मेसमध्ये शेजारी बसून जेवणारा मेकॅनिकलचा मुलगा रिकाम्या वेळात काय बनवतो, हे आपल्याला माहीत नसतं! होस्टेलच्या एकाच मजल्यावर राहणाऱ्या चाळीस जणांना एकमेकांचे रोल नंबर ठाऊक असतात, छंद ठाऊक नसतात. असं का होतं? आणि यावर काही साधा उपाय आहे का? आजच्या लेखाचा विषय तोच आहे.

आधीच सांगते, माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'एकोणऐंशी' आणि 'एकोणनव्वद' ऐकलं की मी अजूनही क्षणभर थांबते. तेव्हा भाषा जरा सांभाळून घ्या. विषय मात्र मनापासूनचा आहे.

कट्टा म्हणजे काय?

कट्टा, पार, ओटा, चावडी... नुसतं बसून बोलायच्या जागांसाठी मराठीत केवढे शब्द आहेत बघा! तिथे अध्यक्ष नसतो, दीपप्रज्वलन नसतं, आभारप्रदर्शन तर नसतंच. कोणीही यावं, कोणीही उठून जावं. मी ज्या कट्ट्याबद्दल लिहिते आहे तो असाच, फक्त तिथे येणारा माणूस हातात काहीतरी घेऊन येतो. बिघडलेला रेडिओ, अर्धवट सर्किट, वहीतलं चित्र, नाहीतर नुसता एखादा प्रश्न. सेमिनारमध्ये पूर्ण झालेलं काम दाखवतात. कट्ट्यावर अपुरं काम दाखवायला लाज वाटत नाही, आणि मदत तर अपुऱ्या कामालाच लागते ना!

गॅरेजमधली बैठक

५ मार्च १९७५ ची गोष्ट. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावी गॉर्डन फ्रेंच नावाच्या गृहस्थांच्या गॅरेजमध्ये तीसएक माणसं जमली. घरी जोडायचा 'अल्टेअर ८८००' हा कॉम्प्युटर नुकताच बाजारात आला होता आणि त्याचं करायचं काय हे सगळ्यांनाच बघायचं होतं. या मंडळींच्या बैठका पुढे 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' म्हणून प्रसिद्ध झाल्या. तिथे स्टीव्ह वॉझनिअॅक नावाचा एक लाजाळू इंजिनिअर येत असे. त्याने आपल्या सर्किटच्या प्रती तिथे सगळ्यांना वाटल्या, आणि त्याच बोर्डातून १९७६ साली 'अॅपल-१' तयार झाला. पुढची कंपनी सगळ्यांना माहीत आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते आधीचं. व्यासपीठावर उभं राहायला घाबरणाऱ्या मुलाला आपलं काम दाखवायला एक जागा मिळाली होती.

आपल्या वर्ध्याची परंपरा

यासाठी अमेरिकेलाच जायला हवं असं काही नाही. आपल्या जिल्ह्याचाच इतिहास बघा. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळातले एक लाख! अटी वाचण्यासारख्या आहेत. किंमत दीडशे रुपयांपेक्षा जास्त नको, यंत्र नीट निगा राखल्यास वीस वर्षं टिकलं पाहिजे, आणि एखाद्या बाईला फार न थकता आठ तास चालवता आलं पाहिजे. आजच्या भाषेत हे अगदी चोख डिझाइन स्पेसिफिकेशन आहे. वापरणाऱ्याचा विचार त्यात पहिल्या ओळीपासून आहे. ते बक्षीस शेवटी कोणालाच मिळालं नाही. पण प्रयोग थांबले नाहीत. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ज्यावर प्रयोग केले तो घडीचा पेटी चरखा आला, आणि स्वातंत्र्यानंतर तामिळनाडूच्या एकांबरनाथांचा अंबर चरखा आला.

१९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचं काम सुरू झालं. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथे होते. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, जातं... या गोष्टींवर तिथे प्रयोग होत. १९३८ साली तिथेच मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झालं. पुढे १९७६ साली देवेंद्रकुमारांनी वर्ध्यातच 'सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस' सुरू केलं. म्हणजे आपण ज्या जिल्ह्यात 'इनोव्हेशन' हा शब्द स्लाइडवर लिहितो, तिथे ते काम नव्वद वर्षांपासून कारागिरांच्या शेजारी बसून चाललेलं आहे. होस्टेलच्या किती जणांनी मगन संग्रहालय पाहिलंय? (हात वर करू नका, मला अंदाज आहे!)

आणखी एक उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, सर्व्हे, शेती, वीज ही कामं करत करत मुलांनी शिकायचं, आणि ती कामं गावाच्या उपयोगाची असायची. अमेरिकेतल्या एम.आय.टी.ने 'फॅब लॅब' ही कल्पना काढली, तेव्हा अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ साली पाबळसारख्या खेड्यात सुरू झाली. का? कारण हाताने काम करणारी माणसं तिथे आधीच जमलेली होती. मशिन नंतर आलं.

सेलूचा ओटा

आता आमच्या अनुभवाकडे येते. सेलू म्हटलं की बाहेरच्यांना परभणीचं आठवतं. आपलं सेलू वेगळं, वर्धा-नागपूर रोडवरचं, बोर धरणाच्या अलीकडचं. तिथे माझ्या मामाजींचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. रविवारी दुपारनंतर दुकान बंद असतं, आणि दुकानापुढे चांगला ऐसपैस ओटा आहे. गेल्या हिवाळ्यापासून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही होस्टेलचे सात-आठ जण आणि मामाजींचे दोन-चार ओळखीचे तिथे बसतो. खर्च म्हणजे एस.टी.चं तिकीट आणि चहा.

पहिल्याच बैठकीत मामाजींनी जळालेल्या तीन मोटारी पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाले, "सांगा, कोणती कशानं जळाली?" आम्ही थर्ड इयरचे इलेक्ट्रिकलवाले एकमेकांकडे बघत बसलो. मामाजी हसले. "बाप्पा! पोरी, तुमाले हे कालेजात नाही दाखवत का?" मग त्यांनी वाइंडिंगवर बोट ठेवून समजावलं. तिन्ही फेजची कॉइल सारखी काळी पडली असेल, तर मोटारीवर लोड जास्त होता. स्टार जोडणीत दोन फेज जळून एक चांगला राहिला, किंवा डेल्टा जोडणीत एकच जळून दोन चांगले राहिले, तर समजायचं की लाइनचा एक फेज गेला होता आणि मोटार तशीच चालू राहिली.

रात्री होस्टेलवर येऊन आम्ही गणित मांडलं. तीन फेजला पॉवर म्हणजे √३ × व्होल्टेज × करंट × पॉवर फॅक्टर. एक फेज गेला की √३ निघून जातो. पंपाला पॉवर तेवढीच हवी असेल, तर उरलेल्या दोन तारांतून निदान १.७३ पट करंट जाणार. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ तिप्पट! हे सूत्र आम्ही दोन परीक्षांत लिहिलं होतं. जळालेल्या वार्निशचा वास आल्यावर ते समजलं. आणि मामाजींनाही एक गोष्ट मिळाली. फेज गेल्यावर मोटार बंद करणारं रिले गिऱ्हाइकाला का घ्यायला सांगायचं, ते आता ते आकडा देऊन सांगतात.

दुसरी गोष्ट आमच्या बॅचमधल्या एका मुलाची. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. तो जवळच्याच खेड्यातला, मराठी माध्यमातला. वर्गात व्हायव्हा इंग्रजीत, म्हणून तो गप्प. सेकंड इयरला दोन विषय राहिले तेव्हा कॉलेज सोडून शेती करायचं त्याने जवळजवळ ठरवलं होतं. तिसऱ्या कट्ट्याला तो घरचं बिघडलेलं 'झटका मशीन' घेऊन आला. बोरच्या जंगलाकडच्या शेतात रानडुकरं पऱ्हाटी आणि तूर झोपवून टाकतात, म्हणून कुंपणाला हे मशीन लावतात. त्याने ते उघडून वीस मिनिटं मराठीत असं समजावलं, की आम्ही ऐकतच राहिलो!

बॅटरीवरून आधी एक कपॅसिटर चार्ज होतो. मग साधारण सेकंदाला एकदा तो ट्रान्सफॉर्मरमधून रिकामा होतो आणि तारेत काही हजार व्होल्टचा ठोका जातो. ऐकायला भयंकर, पण ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो. समजा कपॅसिटर २० मायक्रोफॅरडचा आणि ५०० व्होल्टला चार्ज केलेला. ऊर्जा = १/२ × कपॅसिटन्स × व्होल्टेजचा वर्ग, म्हणजे २.५ ज्यूल. आंतरराष्ट्रीय मानकात एका ठोक्याची मर्यादा ५ ज्यूल आहे. जनावर दचकतं, पळतं, मरत नाही. याउलट काही जण मशीन परवडत नाही म्हणून कुंपणात थेट २३० व्होल्टची लाइन सोडतात. ती तार धरलेला सोडत नाही. यात विदर्भात वाघ मेलेत, आणि माणसंही मेलीत, कधीकधी स्वतः शेतकरी किंवा त्याच्या घरचंच कोणीतरी. हे बेकायदेशीर तर आहेच.

त्या दिवशी ओट्यावर बसलेल्या एका काकांनी विचारलं, "मंग हे मशीन दुरुस्त कोठं होते?" बहुतेक वेळा बिघाड लहानच असतो, पण मशीन शहरात पाठवलं की हंगाम निघून जातो. आता तो मुलगा आणि मामाजी मिळून सेलूतच दुरुस्ती करता यावी म्हणून सोपा तक्ता बनवताहेत. तोच त्याचा फायनल इयरचा प्रोजेक्ट असणार आहे. नागपूरहून रेडीमेड प्रोजेक्ट आणून, व्हायव्हा झाल्यावर कॉटखाली ढकलायची प्रथा आपल्याला ठाऊक आहेच. हा प्रोजेक्ट कॉटखाली जाणार नाही, कारण त्याची वाट बघणारी माणसं आहेत. आणि कॉलेज सोडायची भाषा त्याच्या तोंडून परत ऐकली नाही.

कट्ट्यावर नुसत्या मोटारी नसतात. एक पेंटरकाका येतात. फ्लेक्स आले आणि पाट्या रंगवायचं त्यांचं काम जवळजवळ संपलं. त्यांची अक्षरं स्कॅन करून कॉम्प्युटरची एक मैत्रीण 'फॉन्टफोर्ज' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी फॉन्ट करते आहे. काकांनी आम्हाला 'र'ची रूपं मोजायला लावली: 'कर्म'मधला रफार, 'क्रम'मधली तिरकी रेघ, 'राष्ट्र'मधली खालची खूण, 'सुऱ्या'मधला अर्धा र. शिवाय मराठी 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळे काढतात, हे मला तर तिथेच कळलं!

कट्टा चालवायचे नियम

आमच्या अनुभवातून जमलेले हे काही साधे नियम:

१) दिवस आणि वेळ पक्की ठेवा. 'सगळ्यांना सोयीचा दिवस' शोधत बसलात तर कट्टा भरणारच नाही. तिघेच आले तरी बसा.

२) वेळ उजेडातली ठेवा. आम्ही चार ते सहा बसतो. रात्री आठला ठेवलं तर गर्ल्स होस्टेल आपोआप बाद होतं.

३) बोलणं छोटं ठेवा. २००३ साली टोकियोत 'पेचाकुचा' नावाची पद्धत निघाली: वीस चित्रं, प्रत्येकी वीस सेकंद, म्हणजे सहा मिनिटं चाळीस सेकंदांत विषय संपला. आमच्याकडे प्रोजेक्टर नाही, पण घड्याळ आहे. सात मिनिटं झाली की चहा फिरतो. (कोणी रंगात आलंच, तर बाकीच्यांनी 'चालू द्या' म्हणायचं.)

४) भाषेची अट नको. इंग्रजी शब्द आला तर येऊ द्या, पण अर्थ विचारणाऱ्याला हसायचं नाही.

५) जुन्या सभासदाने नव्याच्या शेजारी बसायचं. होस्टेलच्या सवयीने आपण आपल्याच ब्रँचच्या घोळक्यात बसतो, ते मोडायला हवं.

६) पदाधिकारी नेमू नका. फक्त दर वेळी एकाने पुढच्या वेळेची आठवण करून द्यायची, आणि तो दर महिन्याला बदलायचा.

७) काय बोलणं झालं ते एका वहीत लिहा. आमची शंभर पानी वही अर्धी भरली आहे, आणि सर्वांत जास्त उघडली जाते ती 'न सुटलेले प्रश्न' या पानांवर.

"पण याचा उपयोग काय?"

हा प्रश्न येणारच. मार्क मिळतात का? नाही. आज मोबाइलवर एआयला विचारलं की उत्तर मिळतं, मग एस.टी.त धक्के खात सेलूला कशाला जायचं? मी स्वतःही फोनला विचारते, आणि उत्तरं बरीचशी बरोबर येतात. पण झटका मशीनचा हंगाम निघून जातो, हे विचारायचं मला सुचलंच नसतं. ते त्या काकांना सुचलं, कारण शेत त्यांचं आहे. आणि वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाला वीस मिनिटं कोणीतरी मान देऊन ऐकतं, ही गोष्ट फोनकडून होणारी नाही.

स्टाफलाही एक विनंती आहे. आपले लॅब असिस्टंट, वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर यांच्याजवळ मामाजींइतकंच ज्ञान आहे. प्रॅक्टिकलच्या घाईत ते जर्नलच्या सहीपुरतं उरतं. एखाद्या शनिवारी दुपारी वर्कशॉपचा दरवाजा दोन तास उघडा ठेवता आला, तर कॉलेजातही कट्टा भरेल. सर्क्युलर काढू नका एवढंच, नाहीतर अटेंडन्स घ्यावी लागेल!

असो. दुसऱ्या रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही काही जण एस.टी. स्टॉपवर उभे असतो. बिघडलेला पंखा, अर्धी कविता, न चालणारा प्रोग्रॅम, काहीही घेऊन या. काही नसेल तर नुसते या. चहाचे पैसे मात्र ज्याचे त्याने द्यायचे!