विजेवरची मोटार : विचारणाऱ्या मित्राला काय सांगावे?



या पानावर आपण एरवी बेणे, लागण, खोडवा, हुमणी यांचे धडे घेतो. या वेळचा धडा जरा आडवाटेचा आहे. उसाच्या बिलाचा हप्ता खात्यावर जमा होऊ लागला की गट ऑफिसात बसलेल्या आम्हा मंडळींना खताबरोबर आणखी एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, तुम्ही ती विजेवरची गाडी वापरता. आम्ही घ्यावी का?" आता गावोगाव अशा गाड्या आल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न माझ्या एकट्यापुरता राहिलेला नाही. ज्याच्या दारात अशी मोटार उभी आहे, त्या प्रत्येकाला पाव्हणेरावळे हेच विचारतात. आणि तिथेच घोटाळा होतो. दहाबारा लाख घालून बसलेला माणूस आपल्या गाडीला नावे ठेवीत नाही, आणि ज्याने घेतली नाही तो ऐकीव गोष्टींवर भीती घालतो. दोन्हींनी विचारणाऱ्याचे नुकसानच होते.

उसाच्या जातीचा सल्ला आपण कसा देतो ते आठवा. को ८६०३२ ही जात चांगली, हे सर्वांना मान्य आहे. पण चोपण, क्षारपड जमीन असेल तर आपण फुले २६५ लावा म्हणून सांगतो. आधी जमीन बघायची, पाणी विचारायचे, मग जातीचे नाव घ्यायचे. मोटारीचेही तसेच आहे. "गाडी कशी आहे?" याला फारसे उत्तर नाही. "तुझं फिरणं किती, घरची वीज कशी, आणि पैसा कुठला?" हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

फिरणे किती?

समजा, एक सभासद महिन्याला १,००० किलोमीटर फिरतो. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले, तर महिन्याला सुमारे ७,००० रुपये होतात. विजेवरची मध्यम आकाराची गाडी बॅटरीतल्या एका युनिटात साडेसहा किलोमीटर जाते असे धरू. चार्जिंग करताना दहाएक टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर १७० युनिट पडतात. घरगुती दर १२ रुपये धरला तर २,०४० रुपये. म्हणजे महिना सुमारे पाच हजार वाचले, वर्षाला साठ हजार. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा ही तीन लाखांनी महाग पडली असेल तर पाच वर्षांत वरचे पैसे फिटतात.

हाच हिशेब ४०० किलोमीटरला करून बघा. बचत महिन्याला दोन हजारांच्या आत येते आणि तीन लाख फिटायला साडेबारा वर्षे लागतात. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देतात. तेव्हा घर ते गट ऑफिस, शनिवारी बाजार आणि वर्षातून दोन लग्ने एवढेच ज्याचे फिरणे आहे, त्याला "घे, स्वस्त पडते" असे सांगणे हा खोटा सल्ला आहे. त्याला ती आवडली असेल, आवाज नाही, धूर नाही, क्लच नाही म्हणून घ्यायची असेल तर खुशाल घ्यावी. पण बचतीसाठी घेतो म्हणू नये. उलट ज्याचा मुलगा रोज ऐंशी किलोमीटरवर नोकरीला जाऊन-येऊन करतो, त्याचे वरचे पैसे अडीच-तीन वर्षांत सुटतील.

वर धरलेले दर हिशेबापुरते आहेत. आपल्या बिलावरचा दर आणि आपल्या पंपावरचा भाव घालून आकडे पुन्हा मांडावेत. आणि तुलना फक्त पेट्रोलशी करू नये. जवळ सीएनजीचा पंप असेल आणि ती गाडी किलोला २५ किलोमीटर देत असेल, तर ९० रुपये भावाने १,००० किलोमीटरला ३,६०० रुपये लागतात. विजेची बचत मग पाच हजारांवरून दीड हजारावर येते. सीएनजीच्या रांगेत किती वेळ जातो ते ज्याचे त्याने ठरवावे!

घरची वीज

माझ्या मते सगळा निकाल इथे लागतो. जाहिरातीत बॅटरी, वेग, पडद्यावरचे नकाशे सगळे सांगतात, पण वस्तीवरच्या लायटीबद्दल कोणी बोलत नाही.

घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला सुमारे तीन युनिट भरतात. रात्री दहा ते सकाळी सहा वीज सलग राहिली तर २२ ते २४ युनिट, म्हणजे साधारण दीडशे किलोमीटरची सोय झाली. रोजच्या फिरण्याला हे पुरेसे आहे. भिंतीवरचा मोठा, ७ किलोवॅटचा चार्जर बसवायचा तर ३२ अँपिअरची लाइन लागते आणि मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. गावठाण फीडरवर घर असेल तर बहुधा अडचण येत नाही. वस्ती शेतीच्या फीडरवर असेल तर मात्र आधी विचार करावा. रात्री व्होल्टेज फार उतरले की चार्जर आपोआप थांबतो, आणि सकाळी गाडी अर्धीच भरलेली असते. म्हणून मी विचारणाऱ्याला सांगतो, गाडी बघायला जाण्याआधी पंधरा दिवस वहीत लिही. रात्री आठला व्होल्टेज किती, पहाटे दोनला किती, लाइट कधी गेली आणि कधी आली. ही वही शोरूममधल्या कुठल्याही पत्रकापेक्षा जास्त सांगते.

अर्थिंगचेही तसेच. आपल्याकडे पुष्कळ घरांत अर्थिंगची तार नावाला असते. मोटारीचा चार्जर अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर वीज घेतच नाही. लोक मग गाडी बिघडली म्हणून फोन करतात. चांगला वायरमन बोलावून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि गळती झाली की तुटणारा स्विच बसवून घ्यावा. बोर्डाला लांबलचक वायर जोडून गोठ्यातून गाडी चार्ज करू नये. आणि एक गोष्ट विशेष : चार्जिंगची जागा पाचटाच्या ढिगाजवळ, कडब्याच्या गंजीजवळ किंवा डिझेलच्या पिंपाजवळ ठेवू नये. २०२२ साली विजेच्या दुचाकी पेटल्याच्या बातम्या आल्या, त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. चारचाकीची भीती बाळगण्याचे कारण नाही, पण आपल्या खळ्यावर ठिणगीला काय लागते हे कोणी सांगायला नको.

आता स्पष्ट बोलतो. "पंपाची वीज फुकट आहे, तिथूनच गाडी भरू" हे मला तीनचार जणांनी हसत हसत म्हटले आहे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्याने वीजबिल माफ केले, ते पिकाच्या पाण्यासाठी. शेतीच्या जोडणीवर मोटार भरणे म्हणजे मंजूर नसलेला वापर. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. आकडा टाकला तर तो सरळ चोरीचा गुन्हा. मित्राने हा विचार बोलून दाखवला तर हसून सोडून देऊ नका, त्याला थांबवा.

घरगुती बिलाचीही एक गंमत आहे. दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिले १०० युनिट स्वस्त, ३०० च्या पुढचे चांगलेच महाग. घरात आधीच २०० युनिट जळत असतील तर गाडीचे १७० युनिट त्यांच्यावर चढतात आणि शेवटचे युनिट वरच्या दराने पडतात. यावर चांगला उपाय छपरावरच्या सौर पॅनेलचा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देते, म्हणजे तीन किलोवॅटमधून महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. नेट मीटर असले की दिवसा दिलेली वीज रात्री वळती होते. ज्याच्या छपरावर पॅनेल आहे, त्याचा हिशेब वर मांडल्यापेक्षा पुष्कळच चांगला बसतो.

ज्याला घरी चार्जिंग करता येत नाही आणि जो सगळी वीज रस्त्यावरच्या चार्जरवर घेणार आहे, त्याला मी सरळ "थांबा" म्हणतो. तिथे २२ रुपये युनिट धरले तर १,००० किलोमीटरला ३,४०० रुपये होतात आणि तीन लाख फिटायला सात वर्षे लागतात. वर तासन् तास हॉटेलात चहा पीत बसायचे ते वेगळेच.

लांबचा प्रवास

पत्रकातले अंतर हे प्रयोगशाळेतले असते, प्लॉटवरच्या एकरी उताऱ्यासारखे. माझ्या गाडीच्या पत्रकात तीनशेच्या वर लिहिले होते. प्रत्यक्षात दोनशे ते सव्वादोनशे मिळते, ताशी शंभरने हाणली तर त्याहून कमी. विचारणाऱ्याला नेहमी हा दुसरा आकडा सांगावा. पत्रकातल्या आकड्याचे दोन तृतीयांश धरून ज्याचे काम भागते, त्याने निश्चिंत घ्यावी.

घाटाबद्दल पुष्कळ विचारतात. दीड टनाची गाडी ६०० मीटर उंच न्यायची तर नुसत्या चढाचे अडीच युनिट लागतात, यंत्रातली घट धरून तीनच्या जवळ. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडला येताना म्हणूनच काटा भराभर उतरतो. जाताना उतारावर मोटर जनित्रासारखी चालून थोडी वीज परत बॅटरीत घालते, पण चढाला गेलेली सगळी परत येत नाही. घाटाच्या पायथ्याशी किती शिल्लक आहे ते बघूनच पुढे निघावे. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकून पडलो तर काय, असेही विचारतात. उभ्या गाडीत एसी तासाला साधारण एक युनिट खातो, त्यामुळे तासभर अडकले तरी बिघडत नाही.

लांब जाताना रस्त्यावरच्या चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंतच भरावी. पुढचे २० टक्के फार हळू भरतात. आणि एका चार्जरच्या भरवशावर निघू नये, कारण तो बंद असू शकतो किंवा पुढे दोन गाड्या उभ्या असतात. २०२५ च्या राज्य धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना पथकरमाफी ठरली. निघताना ती चालू आहे ना, हे विचारून घ्यावे.

देखभाल कमी आहे, हे खरे. ऑइल नाही, फिल्टर नाही, क्लचप्लेट नाही. पण गाडी वजनाला जड, तेव्हा टायर लवकर झिजतात. बारा व्होल्टची लहान बॅटरी या गाडीतही असते, आणि ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. विमा जास्त पडतो. बिघाड झाला तर गावातला मिस्त्री हात लावणार नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावी लागते. जुनी विकताना भाव काय येईल, हे आज कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. निम्म्याने धरावे आणि त्यातही जमते का ते बघावे.

पैसा कुठला?

हे विचारायला संकोच वाटतो, पण मित्र असाल तर विचारा. मोटारीचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. उसाचा पैसा वर्षातून दोनतीनदा येतो, आणि तो येण्याआधीच सोसायटीचे कर्ज, खतांची उधारी, तोडणी, मुलांच्या फिया त्याची वाट बघत असतात. घरात दुधाचा किंवा नोकरीचा दरमहाचा पैसा असेल तर हप्ता निभतो. नुसत्या उसावर पाच वर्षांचा मासिक हप्ता बांधून घेतलेल्यांची ओढाताण आम्ही गट ऑफिसात बघतो. पुढच्या लागणीचे बेणे आणि ठिबकचे पैसे बाजूला ठेवूनही जे उरते, त्यातूनच गाडी.

शेवटी एक आक्षेप. एका वडीलधाऱ्या सभासदांनी मला भर चौकात विचारले, "कारखाना इथेनॉल काढतो, सरकार पेट्रोलमध्ये ते वीस टक्के घालते, आणि तुम्ही आमचेच अधिकारी विजेच्या गाडीत फिरता?" प्रश्न रास्त आहे. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल निघते, आणि त्यावर आपल्या बिलाचा भरवसा आहे. पण इथेनॉलची मागणी माझ्या एका गाडीने हलत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठवली, असे निर्णय ती हलवतात. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे उष्णता सुमारे एक तृतीयांश कमी असते, म्हणून मिश्रणाने गाडीचे ॲव्हरेज थोडे उतरते, हेही मी लपवीत नाही. शिवाय ज्या कारखान्यांत सहवीजनिर्मिती आहे, तिथे उसाच्या बगॅसवर तयार झालेली वीज हंगामात ग्रीडमध्ये जाते. तेव्हा उसाचा आणि विजेच्या मोटारीचा अगदीच उभा दावा आहे असे समजू नये. त्या काकांना मी हेच सांगितले. ते म्हणाले, "मग माझ्या पेट्रोलच्या गाडीला काय म्हणता?" म्हटलं, काका, तुम्ही महिन्याला दोनशे किलोमीटर फिरता. आहे ती चांगली आहे, वापरा.

ज्या सभासदांना आपला हिशेब मांडून बघायचा असेल त्यांनी बाजारच्या दिवशी सकाळी गट ऑफिसात यावे. येताना मागच्या बारा महिन्यांची घरगुती वीजबिले, गाडीच्या मीटरची दोन महिन्यांची नोंद आणि व्होल्टेजची वही आणावी. गाडीचे रंगीत पत्रक आणले नाही तरी चालेल.

— ऊस विकास अधिकारी