हाडांबरोबर स्नायूंचाही अभ्यास का हवा ?

वय झाले की हाडे ठिसूळ होतात, तेव्हा कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्यात, एवढे ज्ञान आज घरोघरी पोहोचले आहे. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. प्रस्तुत लेखक वैद्य नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतील कारकून आहे. परंतु खिडकीसमोरच्या बाकावरून उठताना शेजाऱ्याचा हात शोधणारे निवृत्तिवेतनधारक रोज दिसतात. त्यांची अडचण केवळ हाडांची आहे काय, या प्रश्नातून हे वाचन झाले. सभासद व विद्यार्थी बंधू-भगिनींसाठी त्याचा सारांश येथे देत आहे.

हाडाला मोजमाप मिळाले, स्नायू मागे राहिला

१९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने अस्थिघनतेच्या आधारे हाडांच्या ठिसूळपणाची व्याख्या ठरवली. घनता यंत्रावर मोजता येत असल्याने संशोधन व औषधोपचार त्याच दिशेने गेले. त्यापूर्वीच, १९८९ मध्ये, आयर्विन रोझेनबर्ग यांनी वाढत्या वयातील स्नायूंच्या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले होते. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांसाची उणीव. मात्र अमेरिकेत या विकाराला रोगसूचीत स्वतंत्र क्रमांक मिळायला २०१६ साल उजाडले.

वास्तविक खुब्याचे हाड मोडण्याच्या ९० टक्क्यांहून अधिक घटना पडण्यामुळे घडतात. तोल गेल्यावर शरीर सावरण्याचे काम मांडीचे व पोटरीचे स्नायू करतात. म्हणजे हाड किती मजबूत आहे, या प्रश्नाइतकाच माणूस पडतो का, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. अस्थिघनतेचा आकडा त्याचे उत्तर देत नाही.

दोघांचे नाते

हाड ही निर्जीव खुंटी नव्हे. त्याच्यावर जसा भार पडतो तशी त्याची रचना बदलते, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. हा भार केवळ शरीराच्या वजनाचा नसतो. त्यातील मोठा वाटा स्नायूंच्या ओढीचा असतो. टेनिसपटूंच्या खेळणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड आढळते. उलट अंतराळात भार नाहीसा होताच अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता दरमहा सुमारे १ टक्का घटते आणि स्नायूही झिजतात. एकाची हानी दुसऱ्याच्या खात्यावर नावे पडते, असे बँकेच्या भाषेत म्हणता येईल.

उतारवयातही सुधारणा

१९९० मध्ये मारिया फियाटारोन व सहकाऱ्यांनी बॉस्टन येथे नव्वदीच्या घरातील १० अशक्त वृद्धांना ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. तो पूर्ण करणाऱ्या ९ जणांच्या पायांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. संख्या लहान होती, म्हणून १९९४ मध्ये १०० जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात व्यायाम करणाऱ्यांची शक्ती ११३ टक्क्यांनी वाढली, न करणाऱ्यांची फक्त ३ टक्क्यांनी. विशेष म्हणजे व्यायामाविना दिलेल्या पूरक आहाराने स्नायूंची दुर्बलता कमी झाली नाही.

आपल्यासाठी बोध

आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये एक सोपी कसोटी सुचवली. हात छातीशी बांधून खुर्चीवरून सलग ५ वेळा उठावे-बसावे. त्यास १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कसोटी घेताना ज्येष्ठांजवळ कोणीतरी उभे राहावे. ज्यांना तीव्र वेदना आहेत किंवा ज्यांचे हाड नुकतेच मोडले आहे, त्यांनी ती स्वतःहून करू नये.

आहारात कॅल्शियमबरोबर प्रथिनेही हवीत. डाळ, शेंगदाणे, अंडी, मासे, दूध यांपैकी जे परवडेल ते रोज पोटात जावे. घरातील वडीलधाऱ्यांना “तुम्ही बसा, आम्ही करतो” असे म्हणणे प्रेमाचे असले, तरी त्यामुळे त्यांचे पाय काम विसरतात. त्यांना चालू द्यावे, झेपेल तेवढे उचलू द्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी वैद्यक, शरीरशिक्षण वा भौतिकोपचार या शाखांकडे वळेल. त्यांनी क्ष-किरणाच्या चित्रात दिसणाऱ्या हाडावर थांबू नये. ते हाड चालवणारा स्नायूही तपासावा. म्हातारपणी आयुष्य किती उरले, यापेक्षा दुसऱ्याच्या हाताविना उठता येते की नाही, याला माणूस अधिक मोल देतो.