दोन्ही कानांत सारखीच घूं असेल, तर आधी व्हॉल्व्ह बदलू नका

"काका, व्हॉल्व्ह म्हटला की एवढा आवाज येणारच."

अंधेरीतल्या एका मेकॅनिकचं हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं तापतं. व्हॉल्व्हच्या हेडफोन ॲम्पमध्ये आवाज येणारच, हे साफ खोटं आहे. धडधाकट व्हॉल्व्ह ॲम्प ३०० ओहमच्या हेडफोनवर इतका शांत असतो, की गाणं लावलेलं नसेल तर तो चालू आहे की बंद, हे व्हॉल्व्हमधला केशरी उजेड बघूनच कळतं. माझा ॲम्प पहिली काही वर्षं असाच होता. मी हे त्या मेकॅनिकला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "घेतला तेव्हा आवाज नव्हता, आता आहे, म्हणजे काहीतरी बिघडलंय," एवढं साधं बोलणं. त्यावर त्याने नुसती मान हलवली.

आवाज होता तो घूं असा, एकसारखा. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी तेवढाच, वाढवला तरी तेवढाच. डाव्या कानात जेवढा, उजव्या कानात तेवढाच. या तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा, कारण सगळं दुखणं त्यांतच सांगितलेलं होतं.

मी ऐकतो ते मुख्यतः ख्याल. किशोरीताई, मल्लिकार्जुन मन्सूर, कुमारजी. ज्यांना अशी घूं 'थोडीशी' वाटते, त्यांनी जरा हिशेब करून पाहावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. ती रेक्टिफायरमधून गेली, की डीसीवर जी लहर उरते ती १०० हर्ट्‌झची असते. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा खालचा षड्ज येतो साधारण ६९ हर्ट्‌झवर, त्याचा तीव्र मध्यम ९७-९८ च्या आसपास आणि पंचम १०४ वर. म्हणजे ही घूं त्या दोन स्वरांच्या मधल्या फटीत, कुठल्याच स्वराला न लागता, आलापापासून द्रुतापर्यंत ठाण मांडून बसते. तानपुऱ्याची एक तार कुणी मुद्दाम उतरवून ठेवावी आणि मैफल संपेपर्यंत खुंटीला हात लावू देऊ नये, तसं. मन्सूरांनी सोडलेली शांत जागा आली, की ती पहिल्यांदा भरायची या घूंने.

तर मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, असा तो ट्रान्सफॉर्मरमुळे जड झालेला ॲम्प पिशवीत घालून नेला. दुकान भर रस्त्यावर. बाहेर रिक्षांचे हॉर्न, डोक्यावर पंखा, शेजारी झेरॉक्सचं मशीन. त्याने दुकानातला कुठलातरी स्वस्त हेडफोन लावला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "ऐका. कुठे आहे आवाज?" त्या गोंगाटात खालच्या पट्टीतली घूं कुणाला ऐकू येणार? मी माझा हेडफोन लावायला सांगितला, पंखा बंद करायला सांगितला. पंखा त्याने बंद केला नाही.

मग निदान झालं: "ट्यूब वीक आहेत." आतमधले दोन ईसीसी ८८ व्हॉल्व्ह काढले. ते मूळचे हॉलंडच्या, फिलिप्सच्या हेर्लेन कारखान्यातले. काचेवर खाली, पिनांच्या वर, त्रिकोणाची खूण असलेला बारीक राखाडी कोड असतो, तो मी स्वतः भिंगाने वाचलेला होता. त्यांच्या जागी नवे घातले, त्यांचे पैसे लावले, मजुरी लावली. जुने मागितले तर म्हणाला, "फेकले काका, काय करायचेत?" चालणारे व्हॉल्व्ह कोण फेकतं? पक्कं बिल मागितलं, तर पाठकोऱ्या कागदावर आकडा लिहून दिला.

त्या रात्री घरी लावला. घूं जशीच्या तशी.

यानंतर त्याने जे केलं त्याचा राग जास्त आहे. फोनवर दर वेळी नवं कारण. आधी म्हणे तुमच्या बिल्डिंगचं अर्थिंग खराब. मी सोसायटीच्या वायरमनला बोलावून मीटर लावून घेतलं. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट, म्हणजे अर्थिंग ठीक. मग म्हणे तुम्ही रेल्वेलाइनजवळ राहता, वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, त्याचा हम येतो. रेल्वेची तार काल-परवा टाकलेली नव्हती. माझा ॲम्प त्याच खोलीत, त्याच गाड्यांच्या शेजारी आधी शांत होता. आणि शेवटी तो सल्ला: "थ्री-पिनची वरची पिन काढून टाका, हम जाईल."

इथे मला अगदी स्पष्ट बोलायचं आहे. त्या डब्यात दोनशेच्या वर डीसी व्होल्ट असतात. डबा धातूचा. त्यातून निघालेली वायर सरळ माझ्या डोक्यावर. आत कधी एखादी तार सुटून चासीला लागली, तर मला वाचवणारी एकच गोष्ट म्हणजे ती वरची जाड पिन. हम जावा म्हणून ती कापायला सांगणारा माणूस, मग त्याचं दुकान कितीही जुनं असो, विजेच्या वस्तूंना हात लावायच्या लायकीचा नाही. हा सल्ला मी इतरांच्या तोंडूनही ऐकला आहे. कुणाचंही ऐकू नका.

मग लॉकडाउन आला आणि ॲम्प तसाच घरी राहिला. घूं सहन करत ऐकत होतो.

१२ ऑक्टोबर २०२० हा दिवस मुंबईकरांना आठवत असेल. सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईत एकदम वीज गेली होती. ग्रिडच कोलमडली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मी त्या वेळी हेडफोन लावून बसलो होतो. गाणं येत होतं बॅटरीवरच्या छोट्या प्लेअरवरून. दिवा गेला, पंखा मंदावला आणि त्याच क्षणी कानातली घूं नाहीशी झाली. गाणं मात्र चालूच होतं. व्हॉल्व्ह तापलेले होते, आतल्या कंडेन्सरमध्ये साठा होता, त्यावर काही सेकंद ॲम्प चालत राहिला. आवाज हळूहळू खाली गेला, पण तेवढ्या वेळात तानपुरा असा स्वच्छ ऐकू आला, की मी जागेवरून उठून उभा राहिलो.

तेच नवे, पैसे मोजून घातलेले व्हॉल्व्ह बाहेरून वीज नसताना निर्मळ वाजत होते. मग घूं व्हॉल्व्हमधून कशी येईल? जाणकार म्हणतील, की व्हॉल्व्हच्या हीटरमधून कॅथोडकडे गळती असेल तर तोही हम वीज जाताच थांबेल. बरोबर आहे. पण तो ५० हर्ट्‌झचा असतो आणि बहुधा एका व्हॉल्व्हचा, म्हणजे माझ्या ॲम्पमध्ये एकाच कानात. दोन व्हॉल्व्ह एकाच वेळी, एकाच मापाने गळायला लागले आणि नवे घातले तर तेही तसेच निघाले, हे कुणाला पटेल? मी मोबाइलवर टोन काढणारं ॲप घेतलं, ५० चा सूर लावून पाहिला, १०० चा लावून पाहिला. १०० चा तंतोतंत जुळला. दोन्ही कानांना समाईक, १०० हर्ट्‌झ, व्हॉल्यूमशी संबंध नाही: हे पॉवर सप्लायचं दुखणं.

निर्बंध सैल झाल्यावर ठाण्यात जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांकडे ॲम्प नेला. त्यांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. डबा उघडला, कंडेन्सरमधला साठा रेझिस्टर लावून उतरवला, मीटरने तो उतरल्याची खात्री केली आणि मगच बोट आत घातलं. फिल्टरचा मोठा कंडेन्सर गरम होणाऱ्या रेझिस्टरला जवळजवळ टेकलेला होता. ८५ अंशांचा माल. वरची टोपी किंचित फुगलेली, खाली पिवळट चिकट डाग. तो सुकला होता, म्हणून लहर गाळत नव्हता. त्यांनी १०५ अंशांचा, ४५० व्होल्टचा नवा घातला आणि रेझिस्टर वर उचलून लांब बसवला. असा कंडेन्सर दहा अंश जास्त तापला, की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हेही त्यांनीच सांगितलं. खर्च शेकड्यांतला. व्हॉल्व्हला मी मोजले होते हजारांत.

अंधेरीला फोन केला. "तेव्हा तर बरोबर चालत होता काका. आणि ट्यूब विकल्यावर आम्ही परत घेत नाही." ग्राहक आयोगात जाता येतं, मला माहीत आहे. पण हातात तो पाठकोरा कागद.

आता ज्यांच्या ॲम्पमध्ये आवाज आहे त्यांच्यासाठी. दुकानाची पायरी चढण्याआधी घरी, रात्री पंखा बंद करून, हे करून बघा. इनपुटच्या वायरी काढून टाका. आवाज गेला, तर ॲम्प निर्दोष आहे आणि दोष वायरीत, लॅपटॉपमध्ये किंवा दोन उपकरणांच्या अर्थमध्ये तयार झालेल्या फेऱ्यात आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. पुष्कळांची किरकिर तिथेच संपते. आवाज व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल, तर तो बटणाच्या आधीच्या भागातून येतोय. वाढत नसेल, तर नंतरच्या भागातून किंवा सप्लायमधून.

आवाज एकाच कानात असेल, तर ॲम्प बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या आणि डावा-उजवा व्हॉल्व्ह अदलाबदल करा. आवाज दुसऱ्या कानात गेला तर व्हॉल्व्ह दोषी, जागेवरच राहिला तर नाही. माझी घूं तर दोन्ही कानांत सारखीच होती; त्या मेकॅनिकने एवढं जरी ध्यानात घेतलं असतं, तरी त्याला विकायला काही उरलं नसतं. पेन्सिलच्या मागच्या टोकाने काचेला हलकी टिचकी मारल्यावर हेडफोनमध्ये टिंग असा लांबत जाणारा आवाज आला, तर तो व्हॉल्व्ह नाजूक झालाय. त्यासाठी ॲम्पखाली रबराचे पाय लावून बघा, मग बदलायचं ठरवा.

घूंऐवजी झर्र असा काटेरी आवाज असेल आणि तो पंखा दोन-तीनवर असताना वाढत असेल, तर दोष भिंतीवरच्या रेग्युलेटरचा. गोल फिरणारे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लहर कापून पंखा हळू करतात आणि तो कचरा सगळ्या लाइनवर पसरतो. कंडेन्सरचा स्टेपवाला रेग्युलेटर बसवा. सूं असा बारीक आवाज फक्त कानात घालायच्या छोट्या इअरफोनवर येत असेल, तर ते इअरफोन या ॲम्पसाठी फार संवेदनशील आहेत, जास्त ओहमचा हेडफोन वापरा. मालाडला, मालवणीकडे आकाशवाणीचे ट्रान्समीटर आहेत. तिकडे राहणाऱ्या एका परिचिताच्या ॲम्पमध्ये निवेदन ऐकू यायचं. वायरी आखूड केल्या आणि व्हॉल्व्हच्या ग्रिडपाशी एक छोटा रेझिस्टर लावला, थांबलं. पावसाळ्यातली खरखर बहुतेक पिना आणि सॉकेटवर चढलेल्या मळाची असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डब्याच्या आत मात्र स्वतः हात घालू नका. प्लग काढल्यावरही तिथे झटका बसण्याएवढी वीज उरलेली असते.

आणि दुकानात द्यायचाच झाला, तर व्हॉल्व्ह काढून घरी ठेवा. दुरुस्तीसाठी लागतीलच म्हणाले, तर काचेवरच्या कोडचे फोटो काढा आणि ते कोड पावतीवर लिहून घ्या. स्वतःचा हेडफोन न्या. काढलेला प्रत्येक भाग परत मागणार, हे पैशाचं बोलण्याआधी सांगा. पक्कं बिल देत नसेल, तर ॲम्प उचला आणि परत या.

अर्थिंगचं खापर माझ्या बिल्डिंगवर उगाच फुटलं होतं, पण उपनगरांतल्या जुन्या सोसायट्यांत ते खरंच वाईट असू शकतं. बऱ्याच घरांत थ्री-पिन सॉकेटच्या वरच्या भोकामागे तारच नसते, तर काही ठिकाणी ती न्यूट्रललाच जोडून दिलेली असते. परवानाधारक वायरमनकडून मीटर लावून घ्या. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीनऐवजी वीस-तीस व्होल्ट दिसले, तर सेक्रेटरींना अर्थिंगचा खड्डा शेवटचा कधी तपासला ते लेखी विचारा. मे महिन्यात तो कोरडा पडतो, त्यात पाणी घालणं हे सोसायटीचं काम आहे.